शक्तिमानचं लग्न का झालं नाही?

म्हैसूरच्या चामराजपुरममधून बोलतोय. आजचा इतिहास लढाईचा नाही, एका मालिकेचा आहे.

१३ सप्टेंबर १९९७ रोजी दूरदर्शनवर 'शक्तिमान' सुरू झाली आणि २००५ पर्यंत चालली. मुकेश खन्ना दुहेरी भूमिकेत: महाबली शक्तिमान आणि वर्तमानपत्रातला वेंधळा फोटोग्राफर गंगाधर. पत्रकार गीता विश्वासचं मन शक्तिमानवर, आणि सोबत काम करणारा गंगाधर म्हणजे तोच, हे तिला ठाऊक नाही!

आमच्या फॅमिली क्वार्टर्समधल्या पोरांत यावरून दोन पक्ष होते. एक म्हणे, शक्ती योगसाधनेची, तिथे संसार कसला? दुसरा म्हणे, गीतावर अन्याय झाला. आज ती पोरं चाळिशीला आलीत, वाद तसाच आहे.

ही मांडणी मुळात १९३८ सालच्या सुपरमॅन आणि लुईस लेनची. त्यांचं लग्न १९९६ मध्ये लागलं, कॉमिकमध्ये आणि टीव्हीवरही. मालिका १९९७ मध्ये संपली, म्हणून लोक म्हणतात, लग्न झालं की गोष्ट संपते. पण कॉमिकमध्ये त्यांचा संसार पुढे कितीतरी वर्षं चालला.

मी दुसऱ्या पक्षाचा. कर्तव्य आणि संसार दोन्ही निभावणारे जवान मी आयुष्यभर पाहिले. शक्तिमान पहिल्यापासून परिपूर्ण. बातमीसाठी जीव धोक्यात घालणारी गीता मात्र साधी माणूस. तिला सत्य कळण्याचा हक्क होता.

तुमचा पक्ष कोणता? जरूर कळवा. जय हिंद.