अभ्रक

‘अभ्र’ म्हणजे मेघ. त्या शब्दावरून नाव पडलेल्या ‘अभ्रका’ची परीक्षा आपले रसवैद्य अग्नीत घेत आणि ज्याचे पापुद्रे सुटत तो पिनाक, फूत्कारे तो नाग, उसळी घेई तो मंडूक व निर्विकार राही तो वज्र, अशी (मोठ्या रसिकतेने) नावे देत. १९०२ साली जर्मनीत बॉश यांच्या कारखान्यात होनोल्ड यांनी ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज पुरवणारा मॅग्नेटो सिद्ध केल्यावर मोटारीच्या स्पार्क प्लगलाही असेच अग्निपरीक्षेस उतरणारे विद्युतरोधक द्रव्य हवे होते. चिनी माती तापून-निवून तडके, म्हणून कित्येकांनी अभ्रकाच्या चकत्या एकीवर एक दाबून बसविल्या. त्यांच्या थरांत तेल मुरे, ही तक्रार राहिलीच. अखेर भाजलेल्या अॅल्युमिनाने दोघांनाही बडतर्फ केले.