रक्तद्रवाची उपचारक्षमता : मुंबईचा प्लेग व नागपूरचा ‘प्लाटिना’ प्रकल्प

प्रस्तावना :
मानवी रक्ताचा सुमारे ५५ टक्के भाग रक्तद्रवाचा, म्हणजेच प्लाझ्माचा असतो. त्यात सुमारे ९० टक्के पाणी व सुमारे ७ टक्के प्रथिने असून उर्वरित भागात क्षार, ग्लुकोज, संप्रेरके व त्याज्य पदार्थ असतात. प्रथिनांपैकी अल्ब्युमिन रक्तवाहिन्यांतील पाणी टिकवून धरते, फायब्रिनोजेन रक्त गोठण्यास साहाय्य करते, तर ग्लोब्युलिन गटातील प्रतिपिंडे रोगजंतूंचा प्रतिकार करतात. या शेवटच्या कार्यावर आधारलेल्या उपचारांचा महाराष्ट्रातील इतिहास तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मुंबईतील अनुभव :
१८९० मध्ये एमिल फॉन बेरिंग व शिबासाबुरो कितासातो यांनी एका प्राण्याची प्रतिकारक्षमता रक्तरसाद्वारे दुसऱ्या प्राण्यास देता येते, हे सिद्ध केले. रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव म्हणजे रक्तरस अथवा सीरम. त्यात प्रतिपिंडे कायम राहतात. घटसर्पावरील अशा उपचारासाठी बेरिंग यांना १९०१ चे नोबेल पारितोषिक लाभले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला. चीनमधील मोजक्या रुग्णांवर यश मिळालेला रक्तरस घेऊन अलेक्झांडर येर्सिन १८९७ मध्ये मुंबईस आले. परंतु येथे अपेक्षित गुण आला नाही. पुढे आर्थर रोड रुग्णालयात डॉ. नसरवानजी चोक्सी यांनी लुस्टिग यांच्या रक्तरसाची परीक्षा करताना एकाआड एक रुग्णास तो देण्याची पद्धत अवलंबिली. त्यामुळे सौम्य आजाराचे रुग्ण निवडून उपचाराचे यश फुगविण्यास वाव उरला नाही. या पद्धतीचे महत्त्व प्रत्यक्ष औषधाहून अधिक टिकाऊ ठरले.

नागपूरचा प्रकल्प :
कोराडी-कामठी परिसरास जवळ असलेल्या नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून २९ जून २०२० रोजी राज्यव्यापी ‘प्लाटिना’ प्रकल्पाचा आरंभ झाला. कोविडमुक्त व्यक्तींचा प्लाझ्मा गंभीर रुग्णांना देण्याची ही योजना होती. त्याच वेळी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची ‘प्लॅसिड’ चाचणी ३९ रुग्णालयांतील ४६४ रुग्णांवर सुरू होती. प्लाझ्मा दिलेल्या गटात आजार बळावण्याचे अथवा मृत्यूचे प्रमाण १९ टक्के, तर न दिलेल्या गटात १८ टक्के आढळले. सातव्या दिवशी धाप व थकवा काहीसा कमी दिसला. मात्र प्राण वाचण्याच्या दृष्टीने फरक पडला नाही. हे निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाले, तरीही दात्यांच्या शोधात नातेवाइकांची धावपळ दुसऱ्या लाटेपर्यंत सुरूच राहिली. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीतही दोन्ही गटांतील मृत्युप्रमाण २४ टक्केच होते. अखेर १७ मे २०२१ रोजी राष्ट्रीय उपचारसूचीतून प्लाझ्मा वगळण्यात आला.

निष्कर्ष :
रक्तद्रवात प्रतिपिंडे असतात हे निर्विवाद आहे. परंतु रोग बळावल्यानंतर ती दिल्याने रुग्ण वाचेल, हे त्यावरून आपोआप सिद्ध होत नाही. त्यासाठी तुलनेचा गट लागतो. मुंबईत शतकापूर्वी रुजलेली ही शिस्त २०२० मध्येही उपलब्ध होती, तिने योग्य उत्तरही दिले. मात्र ते उत्तर व्यवहारात स्वीकारण्यास सात महिने लागले. साथीच्या काळात आशेपोटी होणारा हा विलंब रुग्णांच्या आप्तांना महागात पडतो, ही या इतिहासाची खरी शिकवण होय.