क्रिस्टल रेडिओ

बॅटरीविना चालणारा रेडिओ; अ‍ॅनालॉग सर्किट शिकू पाहणाऱ्याने पहिल्यांदा हाच जुळवावा. कॉइल, गँग कंडेन्सर, जर्मेनियम डायोड आणि उच्च रोधाचा हेडफोन एवढ्यावर भागते. एरियल आणि अर्थिंग मात्र चोख हवे.

कॉइल व कंडेन्सर मिळून एक कंप्रता निवडतात. आकाशवाणीच्या रत्नागिरी केंद्राची मध्यम लहरींवरची कंप्रता ११४३ किलोहर्ट्झ. कॉइल २०० मायक्रोहेन्रीची असेल तर धारकता सुमारे ९७ पिकोफॅरड लागते. एरियलची धारकताही त्यात मिसळते, म्हणून गँग हिशेबापेक्षा थोडा अधिक उघडावा लागतो. डायोड लहरीची एक बाजू कापतो आणि उरलेल्या चढउतारांतून आवाज मिळतो. साधा सिलिकॉन डायोड इथे जवळजवळ मुकाच: त्याला सुमारे ०.६ व्होल्ट लागतात, जर्मेनियमला ०.२ ते ०.३. डायोडचेच काम करणाऱ्या स्फटिक शोधकाचे अमेरिकन पेटंट जगदीशचंद्र बोस यांना १९०४ मध्ये मिळाले.

कोकणात खरी अडचण अर्थिंगची. जांभा उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा पडतो. त्यापेक्षा विहिरीकाठची ओली जागा बरी. खाऱ्या हवेने तांब्याच्या तारांवर हिरवट थर चढतो. जोड नुसते पिळून न ठेवता सोल्डर करावेत. गडगडाटाची चिन्हे दिसताच एरियल सोडवून ठेवावी.