युद्धकालीन जीपचे जतन

दुसऱ्या महायुद्धातील लष्करी जीप दुरुस्त करून मूळ रूपात आणण्याचा व चालती ठेवण्याचा छंद. जुनी लष्करी वाहने जपणाऱ्यांत रणगाडे आणि ट्रक बाळगणारेही आहेत. पण जीप घरच्या गॅरेजमध्ये मावते, साध्या पान्यांनी खोलता येते आणि तिचे सुटे भाग आजही नव्याने बनतात, म्हणून बहुतेकांची सुरुवात तिच्यापासून होते.

पाव टन भाराच्या, चारही चाकांना जोर मिळणाऱ्या या गाडीचा पहिला नमुना १९४० मध्ये अमेरिकेतील बॅन्टम या छोट्या कंपनीने दिला. मोठी कंत्राटे मात्र विलीस-ओव्हरलँड व फोर्ड यांना मिळाली. १९४५ पर्यंत विलीस एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू मिळून सहा लाखांहून अधिक जीपा तयार झाल्या. दोन्हींचे भाग एकमेकींना बसत असल्याने लष्करी वर्कशॉपमध्ये त्यांची सरमिसळ झाली. ती उलगडणे हा या छंदातला सर्वांत रसाळ भाग. चासीचा पुढचा आडवा दांडा गोल नळीचा असेल तर चासी विलीसची, चौकोनी असेल तर फोर्डची. फोर्डने तर आपल्या बोल्टांच्या डोक्यांवरही ‘एफ’ उमटवला होता. जाणकार असा एकेक बोल्ट जुन्या बाजारातून शोधून आणतात.

इंजिनापेक्षा पत्रा अधिक छळतो. फरशीखालच्या पन्हळीत मजबुतीसाठी लाकूड घातलेले असते. ते ओल धरते आणि पत्रा आतून कुजतो. पूर्ण नवी बॉडी फिलिपिन्समध्ये बनते, पण जुना पत्रा जितका वाचेल तितका वाचवावा. ताज्या रंगाच्या चकाकीपेक्षा जुन्या पत्र्याचे मोल जास्त.

२.२ लिटरचे, ६० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन दणकट असते. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नसल्याने चालत्या गाडीत तो टाकताना डबल क्लच करावा लागतो. पेट्रोलची टाकी चालकाच्या सीटखालीच असते; तिची गळती कधीही दुर्लक्षू नये.

अमेरिकेत १९७६ पासून मिलिटरी व्हेइकल प्रिझर्वेशन असोसिएशन ही संस्था छांदिष्टांना एकत्र आणते. १९१९ मध्ये वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला गेलेल्या लष्करी ताफ्याचा मार्ग तिच्या सभासदांनी २००९ मध्ये जुन्या वाहनांनी पुन्हा कापला. फ्रान्समध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दर जूनमध्ये अशा जीपा जमतात.

भारतात युद्धानंतर उरलेल्या जीपा लष्कराच्या विक्रीतून खाजगी हाती आल्या; मुंबईत महिंद्र कंपनीने १९४७ पासून विलीस जीपा जोडायला घेतल्या. इंधन वाचवण्यासाठी अनेक जीपांत पुढे डिझेल इंजिने बसली. त्या काळी ती गरज होती. आज मात्र युद्धकालीन गाडीत असा बदल करणे म्हणजे दस्तऐवज फाडणे होय. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातील गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा खास क्रमांक मिळतो. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कामांसाठी ती रस्त्यावर आणता येते, रोजच्या वा व्यावसायिक वापरासाठी नाही.