जामगी : दोरीत बांधलेला विस्तव

किल्ला बघायला गेलो की आपण तोफा मोजतो, फोटो काढतो, खाली येऊन चहा पितो. तोफेला बत्ती देणारा माणूस ती बत्ती आणायचा कुठून, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. आग म्हणजे काडेपेटी नाहीतर लायटर, एवढं डोक्यात पक्कं बसलंय. पण घासून पेटणारी काडी जॉन वॉकर या इंग्रज औषधविक्याने विकायला काढली ती १८२७ साली. आणि आमच्या छत्रपती संभाजीनगरपासून हाकेच्या अंतरावरचा देवगिरी मोगलांनी वेढा घालून घेतला १६३३ साली. मधली जवळपास दोनशे वर्षं काय?

उत्तर अगदी साधं आहे : दोरी. तिला जामगी किंवा तोडा म्हणत. तोड्याची बंदूक हे नाव त्यावरूनच आलं.

कृती अशी. झाडाच्या तंतूंची दोरी घट्ट वळायची, सोऱ्याच्या पाण्यात भिजवायची आणि वाळवायची. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. ते तापलं की ऑक्सिजन सोडतं. त्यामुळे ही दोरी भडकत नाही, पण विझतही नाही. तासाला काही इंच या बेताने नुसती धुमसत राहते. आपल्या भाषेत सांगायचं तर आग स्टँडबाय मोडवर! बंदुकीच्या घोड्यात दोरीचं पेटतं टोक अडकवायचं, चाप ओढला की ते रंजकीवर टेकतं आणि बार उडतो.

तंतू कुठले, हे मुलखावर ठरायचं. युरोपात भांगेचे किंवा जवसाचे, जपानात कापूस, बांबू, सायप्रसची साल. आपल्याकडे कापूस होताच, पण मला सगळ्यात भारी वाटला तो कुंभा. सह्याद्रीच्या पानझडी रानातलं हे झाड. त्याच्या सालीच्या तंतूंची जामगी व्हायची, म्हणून इंग्रजीत त्याचं एक नावच ‘स्लो मॅच ट्री’ पडलं. म्हणजे दारूगोळ्याचा एक भाग चक्क रानात उगवत होता.

आता यातली गोम बघा. पाऊस आला की जामगी गेली. रात्री लाल ठिपका लांबून दिसणार, वासही येणार. कमरेला दारूची पिशवी आणि हातात निखारा, म्हणजे एक ठिणगी चुकली की माणूसच उडाला. म्हणून युरोपात गारगोटीची बंदूक आली आणि १७०० च्या आसपास तिने तोड्याच्या बंदुकीला फौजेतून हाकललं. आपल्याकडे मात्र तोड्याच्या बंदुका एकोणिसाव्या शतकातही सर्रास होत्या.

शाळेत असताना मला हा शुद्ध मागासपणा शिकवला गेला होता. मला ते पटत नाही. गारगोटीच्या बंदुकीला उत्तम पोलादाची कमान लागते, घासलेली गारगोटी बदलावी लागते, आणि तरी कधी कधी ठिणगी पडतच नाही. तोड्याची बंदूक गावचा लोहार दुरुस्त करू शकतो आणि तिचं ‘इंधन’ घरी वळता येतं. सर्व्हिस सेंटर शेकडो मैल लांब असेल तर तुम्ही कुठली सिस्टीम घ्याल? जुनी टेक्नॉलॉजी टिकते तेव्हा दर वेळी वापरणारे अडाणी नसतात. बरेचदा त्यांचा हिशोब आपल्याला माहीत नसतो, एवढंच.

देवगिरीच्या अंधारीतून वर जाताना एक विचार करून बघा. त्या भुयारात धूर कोंडून शत्रूला गुदमरवायची सोय केलेली होती. पण ती सोय कामाला यायची तर ऐन वेळी विस्तव तयार हवा. म्हणजे कुणीतरी रात्रभर जागून तो सांभाळत असणार. इतिहासात त्याचं नाव नाही; महाबतखानाचं आहे.

आणि कुंभा? तो अजून रानात उभा आहे. पुढच्या ट्रेकला सालीला हात लावून बघा. सोलू मात्र नका, लायटर आहे ना खिशात!