एलिजिबिलिटी फॉर्मची कुळकथा

नांदेड-लातूरकडचा कॉलेजचा संघ आंतरमहाविद्यालयीन कबड्डीला निघाला, की क्रीडा संचालकांच्या पिशवीत आधी एलिजिबिलिटी फॉर्म जातात. फोटो, जन्मतारीख, बारावीचं वर्ष, प्रवेशाची तारीख आणि खाली प्राचार्यांचा सही-शिक्का. हा आमचाच विद्यार्थी, याची ती लेखी हमी.

ही हमी कॉलेजांना का लागली? अमेरिकेत हार्वर्ड आणि येल 1852 मध्ये नौकाशर्यतीत पहिल्यांदा भिडले. 1855 च्या दुसऱ्या शर्यतीत हार्वर्डचं सुकाणू शिक्षण संपवून गेलेल्या पदवीधराच्या हाती होतं. तेव्हापासून ‘विद्यार्थी कोण?’ हा वाद सुरू झाला. 1906 मध्ये तिथे कॉलेजांची एनसीएए ही संघटना उभी राहिली. तिने 1948 मध्ये कडक संहिता केली. शिक्षा एकच, हकालपट्टी. 1950 मध्ये 7 कॉलेजं दोषी निघाली, पण त्यांना काढायला दोन-तृतीयांश मतं जमली नाहीत आणि संहिता कोलमडली.

भारतात 1925 मध्ये आंतरविद्यापीठ मंडळ स्थापन झालं. तेच आजचा भारतीय विद्यापीठ संघ. विद्यापीठांच्या स्पर्धांची पात्रता तोच ठरवतो. नांदेडचं पीपल्स कॉलेज 1950 मध्ये निघालं तेव्हा विद्यापीठ हैदराबादचं उस्मानिया होतं; 1958 मध्ये औरंगाबादचं मराठवाडा विद्यापीठ आलं आणि 17 सप्टेंबर 1994 ला नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. शिक्के बदलले, हमी तीच राहिली.

चौकशीची रीत साधी आहे. प्रतिस्पर्धी संघ शुल्क भरून लेखी हरकत घेतो. मग दहावीची सनद, टीसी आणि प्रवेशाची नोंद ताडून पाहतात. खेळाडू अपात्र ठरला, तर निकाल जातो आणि बंदीही येते.

2005 च्या शासन निर्णयाने खेळाडूंना सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण मिळालं आणि क्रीडा प्रमाणपत्राचं मोल एकदम वाढलं. पुढे राज्यात बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं उघडकीस आली. आता नोकरीआधी विभागीय क्रीडा उपसंचालक प्रमाणपत्र पडताळतात. लातूरलाही ते कार्यालय आहे. पण ही पडताळणी स्पर्धेनंतर होते. तोवर किनवट किंवा उदगीरच्या खऱ्या विद्यार्थ्याची संघातली जागा गेलेली असते आणि ती कुठलाही आदेश परत देत नाही.

म्हणून खरी चौकशी मैदानावर उतरण्याआधीच व्हायला हवी. खेळाडूबरोबर ज्याने जाणूनबुजून खोटी सही केली, त्यालाही शिक्षा व्हावी. ती हकालपट्टीइतकी टोकाची नको, पण प्रत्येक वेळी नक्की होणारी हवी.