डोहातले मासे आणि माणसाचा हात

काचेच्या पेटीत मासे पाळण्याचा शौक आपल्या शहरांत रुजल्यापासून एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवावा तसा माशाच्या अंगावरून फिरवता येईल का, आणि तो हात त्याला मानवेल का? हा प्रश्न नवा वाटतो. परंतु सह्याद्रीच्या दोन्ही अंगांच्या नद्यांनी त्याचे एक उत्तर पुष्कळ आधी दिलेले आहे. ते कोणा एका हौशी माणसाने नव्हे, तर सबंध गावांनी पिढ्यानुपिढ्या पाळलेल्या वहिवाटीतून सिद्ध झाले असल्यामुळे त्याचा इतिहास पाहणे मला अगत्याचे वाटते.

मुळशीच्या डोंगरात उगम पावणारी मुळा पौडावरून वाहत पुण्यास मुठेला मिळते. या जोडनदीतच, पुण्याच्या पूर्वेस आठ मैलांवर, मुंबई सरकारच्या वतीने दख्खनच्या मुलखाची सांख्यिकी माहिती जमवणाऱ्या कर्नल विल्यम हेन्री साइक्सला जो दणकट, मोठ्या खवल्यांचा मासा मिळाला, त्याचे वर्णन त्याने पुढे लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढे मांडले आणि १८३९ साली ते प्रसिद्ध झाले. माशाचे स्थानिक नाव त्याने तसेच शास्त्रात उचलले, आणि म्हणून आजही जगभरच्या ग्रंथांत हा खडशी, म्हणजे दख्खनचा महसीर, ‘खुद्री’ या नावाने ओळखला जातो. वाहते, स्वच्छ, खडकाळ पाणी त्याला लागते. पावसाळ्याच्या पहिल्या लोंढ्याबरोबर तो प्रवाहाच्या उलट चढतो, आणि पाणी ओसरले की उन्हाळाभर खोल डोहांचा आश्रय घेतो. चढणीच्या माशांवर गावोगावी ताव मारला जातो हे खरे. पण त्याच नदीवरचा एखादा डोह मात्र देवाचा म्हणून सोडलेला असतो.

असे डोह अनेक. तुकोबांच्या देहूस इंद्रायणीच्या डोहातील महसिरांना वारकरी श्रद्धेने खाऊ घालीत आले. वाडे तालुक्यात तिळसे येथे, वैतरणेच्या पात्रात तिळसेश्वराच्या देवळापाशी, तोच प्रघात आहे. परंतु सर्वांत बोलके उदाहरण मुळशीहून ताम्हिणी घाट उतरून निजामपूर-माणगावावरून महाडाकडे गेले म्हणजे काळ नदीवर भेटते, ते वाळण कोंडीचे. वरदायिनी मातेच्या या कोंडीत गळ टाकायचा नाही, जाळे लावायचे नाही, मासा धरायचा नाही. जो धरील त्यास देवीचा कोप भोवेल, अशी समजूत. पाण्यात कुरमुऱ्यांची मूठ पडताच काळसर पाठींचे मासे दाटीने वर येतात आणि माणसाच्या हाताच्या अंतरावर निर्धास्तपणे तोंडे उघडतात. त्याच नदीच्या दुसऱ्या वळणावर माणसाची सावली दिसताच खडकाखाली दडणारी हीच जात येथे अशी वागते, याचे कारण जातीत नसून गावाच्या वागणुकीत आहे. ताम्हिणीच्या विंझाईच्या राईत जसा कोयता चालत नाही तसा येथे गळ चालत नाही, आणि दोन्ही ठिकाणी कायद्याच्या कलमापेक्षा देवतेची आण अधिक बळकट ठरली आहे. सरकारने स्फोटकांनी वा विषाने मासे मारण्यास मनाई करणारा कायदा १८९७ साली केला, परंतु दुर्गम डोहापर्यंत शिपाई पोहोचणार कसा? देवी तेथे होतीच.

मासा शिकतो, याविषयी शास्त्रालाही शंका उरलेली नाही. कार्ल फोन फ्रिश या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने एका दृष्टिहीन केलेल्या मांगूरवर्गीय माशास अन्न देण्यापूर्वी शीळ घालण्याचा क्रम ठेवला. काही दिवसांनी नुसत्या शिळेवर तो आपल्या आसऱ्यातून बाहेर येऊ लागला, आणि १९२३ साली फ्रिशने ते प्रसिद्ध केले. महसीर व मांगूर या दोन्ही कुळांत वाताशय आणि अंतर्कर्ण यांना जोडणारी चिमुकल्या हाडांची साखळी असते, त्यामुळे त्यांची श्रवणशक्ती तीक्ष्ण. शिवाय कुशीवरची पार्श्वरेषा पाण्याची लहानशी हालचाल टिपते. डोहाच्या काठावर पाऊल वाजले की वर येणारे मासे चमत्कार करीत नाहीत, ते आपली स्मृती वापरतात.

स्पर्शाची गोष्ट मात्र वेगळी आहे. पोर्तुगालमधील संशोधकांनी २०११ साली दाखवले, की प्रवाळावरील एका माशाच्या अंगाला सफाई करणाऱ्या माशाची हलती प्रतिकृती घासत राहिली तर त्याच्या रक्तातील ताणाचे संप्रेरक कमी होते. माशाला स्पर्श सुखावह होऊ शकतो, ही किती मोलाची गोष्ट आहे! पण तो स्पर्श त्याने स्वतः जवळ जाऊन मिळवलेला होता. माशाचे शरीर बुळबुळीत श्लेष्मल थराने झाकलेले असते, आणि हाच थर त्याला बुरशी व जंतू यांपासून राखतो. माणसाच्या कोरड्या, उष्ण हाताने तो खरवडला जातो. म्हणून पेटीतला मासा बोटापाशी येऊन टोचू लागला, तरी त्याला मुठीत घेण्याचा मोह आवरलाच पाहिजे. वाळणच्या रहिवाशांनी हा नियम सूक्ष्मदर्शकावाचून पाळला: खाऊ घाला, पण धरू नका. मासे माणसाळले ते हात त्यांच्यावर कधी मिटला नाही म्हणून.

ही वहिवाट वाहत्या पाण्यावर अवलंबून होती, आणि मुळशीत ते पाणीच बदलले. मुळा व नीला यांच्या संगमापाशी टाटा कंपनीने धरण बांधण्यास घेतले; १८९४ च्या भूसंपादन कायद्याने मावळ्यांच्या जमिनी घेतल्या जाऊ लागल्या, आणि १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, जो सत्याग्रह सुरू झाला त्याने पांडुरंग महादेव बापटांना सेनापती केले. सत्याग्रह तीन वर्षे झुंजला आणि हरला. धरण झाले, मुळेचे पाणी बोगद्यांतून भिऱ्याच्या विद्युत्केंद्राकडे कोकणात वळले, आणि जुन्या पात्रातील खडक, धावते प्रवाह व डोह जलाशयाच्या तळाशी गेले. जेथे राहती घरे आणि देवळे बुडाली तेथे माशांच्या डोहांचा हिशेब कोणत्या दफ्तरात लागणार? इकडे देहू-आळंदीच्या इंद्रायणीस मैल्याने व कारखान्यांच्या सांडपाण्याने ग्रासले. ज्या माशांना जाळ्यापासून वारकऱ्यांच्या श्रद्धेने वाचवले त्यांना पाण्यातल्या विषापासून वाचवणे त्या श्रद्धेच्या शक्तीबाहेरचे होते.

भरपाईचा एक प्रयत्न मात्र खुद्द टाटा कंपनीकडूनच झाला, हे नमूद केले पाहिजे. लोणावळ्याजवळ वळवण येथे १९७० च्या दशकारंभापासून, मत्स्यशास्त्रज्ञ चि. वि. कुलकर्णी यांच्या मार्गदर्शनाखाली, महसिराची कृत्रिम पैदास होऊ लागली. पक्व मादी पकडून, हलक्या हाताने पोट दाबून अंडी काढून घ्यायची, नराचे वीर्य त्यांवर मिसळायचे आणि मासे पुन्हा पाण्यात सोडायचे: ही क्रिया म्हणजे माणसाच्या हाताचा माशाशी आलेला सर्वांत निकटचा संबंध, आणि तिच्यात प्रेमापेक्षा कौशल्य हवे. येथील पिल्ले देशभर गेली. दुर्दैवाने कावेरीतही गेली, आणि तेथील मूळच्या नारिंगी पराच्या महसिरावर त्यांनी मात केली असे पुढे आढळले. माशाला नुसते जगवणे पुरत नाही, तो कोणत्या पाण्याचा हे आधी पाहावे लागते.

मुळशी तालुक्यात धरणाच्या वरच्या अंगाला अजून ओढे वाहतात. २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून वारसास्थळ जाहीर करण्याचा अधिकार राज्य शासनास आहे. एखाद्या ग्रामसभेने आपला एक डोह त्यासाठी सुचवावा, तेथे मुळेचीच खडशी सोडावी, गळ, जाळे, सुरुंग व गेळफळाचे विष यांस बंदी करावी, आणि पर्यटकांनी आणलेल्या पावाच्या लाद्या काठावरच थांबवाव्यात, अशी माझी मनःपूर्वक सूचना आहे. खर्च फारसा नाही. राखणीला मात्र दोन-तीन पिढ्या द्याव्या लागतील, आणि त्यांची सुरुवात येत्या पावसाळ्यात चढणीच्या वेळी करता येईल.